खातेवही आणि तिचा वाचक : ब्लॉकचेनच्या दूरस्थ नोड-सेवांचा एक विचार

ब्लॉकचेनविषयी आपल्या भाषांतून जे परिचयपर लेखन होते, त्यात एक विधान हमखास आढळते : ही खातेवही कोणा एकाच्या ताब्यात नसते, तिची प्रत प्रत्येक सहभागी व्यक्तीपाशी असते, आणि म्हणून तिच्यात कोणालाही गुपचूप फेरफार करता येत नाही. या विधानाचा उत्तरार्ध बव्हंशी खरा आहे. पूर्वार्ध मात्र आजच्या व्यवहारात खरा उरलेला नाही. सामान्य वापरकर्त्यापाशी खातेवहीची प्रत नसतेच. त्याच्या हातातील उपयोजन, मग ते मोबाइलवरील वॉलेट असो, खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ असो किंवा एखादा दाखला पडताळून पाहण्याचे पान असो, दूर कोठेतरी चालणाऱ्या एका कंपनीच्या यंत्राला प्रश्न विचारते आणि आलेले उत्तर त्याच्यापुढे ठेवते. या मध्यस्थ यंत्रणेला दूरस्थ नोड-सेवा म्हणतात. तिचे कार्य कसे चालते आणि तिच्यामुळे प्रामाण्याच्या कल्पनेचे काय होते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय ठेवण्यात थोडे धाडस आहे, याची जाणीव आहे. तथापि प्रत, पाठ, पाठभेद, लेखनिक आणि साक्ष हे ज्यांचे नित्याचे शब्द आहेत, त्यांना या नव्या खातेवहीतील मूळ प्रश्न तंत्रज्ञांपेक्षाही लवकर उमगेल असे वाटते. शिवाय आता जातीचे दाखले आणि अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे अशा वह्यांत नोंदली जाऊ लागली आहेत. तेव्हा हा केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

प्रथम 'नोड' या संज्ञेचा अर्थ निश्चित केला पाहिजे. विवेचनाच्या सोयीसाठी येथे इथेरियम हे जाळे समोर ठेवले आहे. ते ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले, आणि दूरस्थ सेवांचा इतिहास त्याच्याच भोवती सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो. इथेरियमवरील नोंदी ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांतून येतात. सप्टेंबर २०२२ मधील बदलानंतर दर बारा सेकंदांनी एका नव्या ब्लॉकसाठी जागा असते. प्रत्येक ब्लॉकच्या मथळ्यात आधीच्या ब्लॉकचा संक्षिप्त गणिती ठसा असतो. त्याला हॅश म्हणतात. मागील एखाद्या नोंदीतील एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो आणि पुढची सारी साखळी विसंगत ठरते. नोड म्हणजे ही साखळी बाळगणारा संगणक, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु ही व्याख्या अपुरी आहे. नोड प्रत बाळगतो त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे तो ती तपासतो. आलेल्या ब्लॉकमधील प्रत्येक व्यवहार तो स्वतः पुन्हा करून पाहतो, त्यातून प्रत्येक खात्याची स्थिती स्वतः मोजतो, आणि मोजणी मथळ्यातील ठशाशी जुळली तरच तो ब्लॉक स्वीकारतो. न्यायशास्त्राची भाषा वापरायची तर नोड चालविणाऱ्याचे ज्ञान प्रत्यक्ष आणि अनुमान यांवर उभे असते. त्याला कोणाच्या शब्दाची गरज नसते.

या स्वावलंबनाची किंमत थोडी नाही. पूर्ण नोड चालवायचा तर सुमारे दोन टेराबाइट क्षमतेची वेगवान साठवण, अखंड इंटरनेट-जोडणी आणि नियम बदलतील तेव्हा वेळेवर नवी आज्ञावली बसविण्याची दक्षता लागते. आरंभापासूनची प्रत्येक जुनी स्थितीही जवळ ठेवायची असेल, तर काही आज्ञावल्यांत साठवण याच्या कितीतरी पट वाढते. खिशातल्या मोबाइलला हे झेपणारे नाही. परिणामी २०१६ पासून 'इन्फुरा' या सेवेने दुसऱ्यांसाठी नोड चालविण्याचा उद्योग आरंभला. पुढे 'अल्केमी', 'क्विकनोड' यांसारख्या कंपन्या आल्या. इन्फुरा ही 'कन्सेन्सिस' या कंपनीची सेवा, आणि 'मेटामास्क' हे बहुप्रचलित वॉलेटही त्याच कंपनीचे. वॉलेट बसविल्यावर वापरकर्त्याने काहीही बदलले नाही तर त्याचे प्रश्न इन्फुराकडे जातात. तसा बदल करण्याची सोय वॉलेटमध्ये आहे. पण ती सोय शोधत बसणारे थोडेच असतात.

जोडणीची रीत तशी साधी आहे. उपयोजन तयार करणारा सेवेकडे नाव नोंदवितो. त्याला एक जालपत्ता आणि त्याच्या नावाची एक गुप्त खूण मिळते. या खुणेवरून कोणी किती प्रश्न विचारले याची मोजदाद होते आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे पैसे आकारले जातात. त्यानंतर उपयोजन ठराविक साच्यातील प्रश्न पाठविते : अमुक खात्यात शिल्लक किती, शेवटचा ब्लॉक कोणत्या क्रमांकाचा, अमुक करारसंहितेला अमुक प्रश्न विचारला तर ती काय उत्तर देईल. उत्तर षोडशमान पद्धतीच्या अंकांत येते आणि शिल्लक इथरच्या सर्वांत लहान एककात सांगितली जाते. एका इथरची अशी एककावर अठरा शून्ये होतात, म्हणून ते मानवी वाचनासाठी पुन्हा मांडावे लागते. कोणत्या जाळ्याशी आपण बोलत आहोत हे ओळखण्यासाठी प्रत्येक साखळीला क्रमांक असतो. इथेरियमच्या मुख्य जाळ्याचा क्रमांक १ आहे. प्रश्न एकेकटा विचारता येतो, किंवा दार सतत उघडे ठेवून नव्या घटनांची वार्ता मिळवीत राहता येते. 'आत्ताची स्थिती' आणि 'पक्की झालेली स्थिती' यांत भेद करण्याचीही तरतूद आहे. ब्लॉक पक्का व्हायला सर्वसाधारणपणे तेरा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. जबाबदारीने लिहिलेले उपयोजन मोठ्या रकमेच्या बाबतीत दुसरी स्थिती विचारते, घाईचे उपयोजन पहिलीवर भागवते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ही सेवा मध्ये आल्याने नेमके काय धोक्यात येते? याचे उत्तर लेखन आणि वाचन यांसाठी वेगवेगळे आहे, आणि हा भेद बहुतेक विवेचनांत पुसट राहतो.

लेखनाच्या बाबतीत वापरकर्ता बराच सुरक्षित असतो. पैसे पाठविण्याचा आदेश त्याच्या वॉलेटमध्येच, त्याच्या खाजगी किल्लीने स्वाक्षरित होतो. सेवेकडे जातो तो स्वाक्षरी झालेला आदेश. किल्ली जात नाही. त्या आदेशातील रक्कम किंवा घेणाऱ्याचे नाव बदलले तर स्वाक्षरी जुळत नाही आणि जाळ्यातील इतर नोड तो फेटाळतात. आदेशात साखळीचा क्रमांकही गुंफलेला असतो, त्यामुळे एका जाळ्यावरील आदेश दुसऱ्या जाळ्यावर वापरता येत नाही. सेवा फार तर तो आदेश अडवून ठेवील, विलंब लावील, किंवा जगाच्या आधी पाहून घेईल. हे दोष लहान नाहीत. पण त्यांत बनावट लेखन येत नाही. मोहोरबंद खलिता नेणारा जासूद तो खलिता हरवू शकतो, त्यातला मजकूर बदलू शकत नाही, तशी ही स्थिती आहे.

वाचनाच्या बाबतीत मात्र असा मोहोर नसतो. 'तुमच्या खात्यात इतकी शिल्लक आहे' हे सेवेचे उत्तर म्हणजे केवळ एक विधान होय. त्यावर हजारो नोडांची साक्ष नाही, ब्लॉकचा ठसा नाही. आहे ती एका कंपनीची विश्वासार्हता. उत्तर शिळे असू शकते, अपुरे असू शकते, चुकीचे असू शकते. किंवा उत्तरच नाकारले जाऊ शकते. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा पोथी सर्वांसमोर असते, पण वाचतो एकजण. श्रोत्यांच्या कानी पडते ते त्याचे वाचन. एखादी ओवी त्याने गाळली तर पोथी अक्षत राहते आणि श्रोत्याला ती ओवी नसतेच. ब्लॉकचेनची अपरिवर्तनीयता हा संहितेचा गुण आहे. तो वाचनात आपोआप उतरत नाही, हे या विषयातील मर्म आहे असे मला वाटते.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. ११ नोव्हेंबर २०२० रोजी जे घडले ते पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावे. त्या काळी इथेरियमचे बहुसंख्य नोड 'गेथ' नावाची आज्ञावली चालवीत असत. तिच्या काही आवृत्त्यांत एक सुप्त दोष होता : विशिष्ट प्रकारचा व्यवहार आला तर त्या आवृत्त्या इतरांपेक्षा वेगळी मोजणी करीत. गेथच्या कर्त्यांनी नंतरच्या आवृत्तीत तो दोष काढला होता. पण त्याचा गाजावाजा केला तर कोणी जाणूनबुजून त्याचा फायदा घेईल या भीतीने ती दुरुस्ती गुपचूप केली होती. इन्फुराचे काही नोड अद्याप जुन्याच आवृत्तीवर होते. त्या दिवशी नेमका तसा व्यवहार साखळीत आला आणि १,१२,३४,८७३ या क्रमांकाच्या ब्लॉकपाशी जुन्या आवृत्तीचे नोड इतरांपासून तुटले. खातेवही पुढे चालू होती. पण इन्फुरावाटे वाचणाऱ्यांना ती थांबलेली किंवा वेगळी दिसत होती. मेटामास्कमधील शिल्लक नीट दिसेना. 'बायनान्स'सारख्या मोठ्या विनिमय-केंद्राने इथरची परतफेड काही काळ थांबविली, कारण खरी साखळी कोणती हे ठरेपर्यंत पैसे देणे धोक्याचे होते.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेले ते कार्य हजाराहून अधिक हस्तलिखितांच्या तौलनिक वाचनावर उभे आहे, कारण कोणतीही एक पोथी, ती कितीही जुनी वा सुवाच्य असो, एकटी प्रमाण मानता येत नाही हे डॉ. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होते. अर्थात हे साम्य फार ताणू नये. महाभारताचे संपादक हरवलेल्या प्राचीनतम पाठाचा शोध घेत होते, आणि त्यांना कित्येक ठिकाणी पाठ संदिग्ध असल्याची खूण करून थांबावे लागले. ब्लॉकचेनमध्ये सर्व प्रती नियमाने एकरूपच असावयाच्या असतात आणि मतभेद काही तासांत मिटतो. तथापि २०२० च्या त्या दिवशी हजारो वाचक एकाच घराण्याच्या पोथीवर विसंबले होते, आणि ती पोथी जुन्या चुकीच्या पाठाची निघाली, एवढे साम्य खरे आहे. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. बहुसंख्यांचा पाठ योग्य ठरला, पण तो योग्य का हे त्या बहुसंख्यांपैकी फारच थोड्यांना माहीत होते.

यानंतरचे प्रसंग नकाराचे आहेत. मार्च २०२२ मध्ये अमेरिका आणि इतर देशांच्या नव्या निर्बंधांनुसार इन्फुराने आपल्या मांडणीत बदल केले, आणि ते बदल आवश्यकतेपेक्षा अधिक व्यापक झाल्याने व्हेनेझुएलातील वापरकर्त्यांचे वॉलेट बंद पडल्यासारखे झाले. कंपनीने चूक मान्य करून ती दुरुस्त केली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला अमेरिकेच्या अर्थखात्याने 'टोर्नेडो कॅश' या करारसंहितांवर निर्बंध घातले, तेव्हा इन्फुरा आणि अल्केमी यांनी त्यांच्याविषयीचे प्रश्न स्वीकारणे थांबविले. हे निर्बंध मार्च २०२५ मध्ये उठविण्यात आले. निर्बंध योग्य होते की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही; त्या करारसंहितांचा उपयोग चोरीचा पैसा लपविण्यासाठी झाला होता हेही नाकारता येत नाही. लक्षात घ्यावयाचे ते असे की त्या काळात त्या संहिता साखळीवर अक्षरशः जशाच्या तशा होत्या, आणि स्वतःचा नोड असणाऱ्याला त्या वाचताही येत होत्या. ग्रंथ मांडणीवर होता, ग्रंथपालाने दिला नाही.

या साऱ्याचा सर्वांत मार्मिक दाखला मात्र 'सिग्नल' या संदेशसेवेचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी जानेवारी २०२२ मध्ये दिला. त्यांनी साखळीवर नोंदलेली एक डिजिटल कलावस्तू तयार केली. पाहणारा कोण आहे त्यावरून तिचे चित्र बदलत असे. 'ओपनसी' या बाजारपेठेने ती काढून टाकली. इथपर्यंत नवल नाही. पण त्याबरोबर ती त्यांच्या स्वतःच्या वॉलेटमधूनही नाहीशी झाली, कारण वॉलेट कलावस्तूंची यादी साखळीला न विचारता त्या बाजारपेठेच्या सेवेला विचारीत होते. साखळीवरील नोंद अर्थातच शाबूत होती. सर्वसामान्य माणसाला स्वतःचा सर्व्हर चालवायचा नसतो, ही त्यांच्या युक्तिवादाची पायाभूत धारणा होती. आणि नंतरचा अनुभव पाहता ती खोडून काढणे कठीण आहे.

पाळतीचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. जो वाचून दाखवितो त्याला कोण काय ऐकायला आले हे कळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कन्सेन्सिसने आपल्या गोपनीयता-धोरणात स्पष्ट केले की मेटामास्क इन्फुरावाटे वापरल्यास वापरकर्त्याचा इंटरनेट-पत्ता आणि त्याच्या वॉलेटचा पत्ता या दोहोंची नोंद होते. त्यावर बराच गदारोळ झाला, आणि ही माहिती सात दिवसांहून अधिक ठेवली जाणार नाही असे कंपनीने पुढे जाहीर केले. साखळीवर व्यक्तीचे नाव नसते हे खरे. पण हे दोन पत्ते एकत्र ठेवले की नाव शोधणे फारसे दूर राहत नाही.

मग उपाय कोणता? स्वतःचा नोड हा एक. तो संस्थांना, विद्यापीठांना शक्य आहे, व्यक्तीला क्वचितच. एकच प्रश्न तीन-चार सेवांना विचारून उत्तरे ताडून पाहणे हा दुसरा; पण त्या सर्व सेवा एकाच आज्ञावलीवर चालत असतील तर ती एकाच कुळातील पोथ्यांची तुलना ठरते. तिसरा उपाय अधिक विचार करण्याजोगा आहे, आणि त्याचे बीज ब्लॉकचेनच्या जन्माइतकेच जुने आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या निबंधातच पूर्ण नोड न चालविणाऱ्यासाठी एक सोय सुचविली होती : सारी वही बाळगू नका, फक्त मथळे बाळगा आणि हवी ती नोंद त्या मथळ्यांशी जुळते याचा पुरावा मागा. राल्फ मर्कल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठशांच्या वृक्षामुळे हे साधते. या वृक्षात दोन-दोन किंवा अधिक नोंदींच्या ठशांचा मिळून एक ठसा, अशा ठशांचा पुन्हा एक, असे करीत अखेर सर्व नोंदींचा एकच मूळ-ठसा मथळ्यात येतो. एका नोंदीची सत्यता पटविण्यासाठी तिच्यापासून मुळापर्यंतच्या वाटेवरील मोजके ठसे पुरतात. संपूर्ण वही लागत नाही.

इथेरियममध्ये अशा पुराव्याची मागणी करण्याची तरतूद आहे. मथळा खरा कशावरून, हा प्रश्न तरीही उरतो. त्यासाठी पडताळणी करणाऱ्यांपैकी ५१२ जणांची एक समिती मथळ्यांवर स्वाक्षऱ्या करते आणि ती सुमारे सत्तावीस तासांनी बदलते. 'हेलिओस' ही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली छोटी आज्ञावली याच आधारावर चालते. ती प्रश्न पूर्वीसारखाच दूरस्थ सेवेला विचारते. पण उत्तराबरोबर पुरावाही घेते आणि तो वापरकर्त्याच्याच यंत्रावर तपासते. खोटे उत्तर येथे पकडले जाते. नकार मात्र पकडला गेला तरी टळत नाही आणि पाळतही टळत नाही, हे विसरू नये. शिवाय आरंभी एखादा खात्रीचा मथळा कोणाकडून तरी घ्यावाच लागतो. विश्वासाची गरज शून्य होत नाही. ती फार लहान होते आणि कोठे आहे हे दिसू लागते.

या विवेचनाचा आपल्या प्रदेशाशी असलेला संबंध दूरचा नाही. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जात-प्रमाणपत्रे 'पॉलिगॉन' या ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम जाहीर झाला. बनावट दाखल्यांना आळा बसावा आणि खऱ्या लाभार्थ्याला कार्यालयांचे खेटे पडू नयेत, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. ज्या आदिवासी मुलीला दूरच्या शहरातील महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा आहे, तिच्यासाठी दाखल्याची खातरजमा मिनिटभरात होणे किती मोलाचे, हे सांगायला नको. परंतु अशा दाखल्याचे सर्वसाधारणपणे साखळीवर असते ते त्याच्या ठशाचे रूप. प्रवेश-कार्यालयातील लिपिक ते रूप स्वतः वाचत नाही. तो एक पान उघडतो आणि त्यावर 'वैध' किंवा 'आढळ नाही' असे वाचतो. ते पान जर मागे एखाद्या दूरस्थ सेवेला विचारून बोलत असेल आणि त्या सेवेची मोफत प्रश्नांची मर्यादा त्या दिवशी संपली असेल, किंवा तिचा नोड मागे पडला असेल, तर त्या मुलीच्या वाट्याला येणारे 'आढळ नाही' हे उत्तर साखळीचे नसून मध्यस्थाचे असेल. लिपिकाला हा भेद दिसण्याचा मार्ग नाही. म्हणून अशा पानावर किमान 'नोंद नाही' आणि 'विचारता आले नाही' ही दोन उत्तरे निरनिराळी लिहिलेली असावीत. कोणत्या ब्लॉकपर्यंत पाहून उत्तर दिले तो क्रमांक त्याखाली असावा. आणि दुसऱ्या एखाद्या सेवेवाटे तोच प्रश्न विचारण्याची वाट खुली असावी. पुराव्यासह वाचनाची सोय यापुढची पायरी आहे. हेलिओससारखी साधने मुळात इथेरियमच्या रचनेवर बेतलेली आहेत आणि पॉलिगॉनचे पडताळणी करणारे वेगळे. तेव्हा ती जशीच्या तशी तेथे लावता येणार नाहीत. मात्र पॉलिगॉन आपल्या ब्लॉकांचा एकत्रित ठसा ठराविक टप्प्यांनी इथेरियमवर नोंदवीत असते, आणि पुराव्याची साखळी त्या ठशापासून दाखल्यापर्यंत बांधता येण्याजोगी आहे.  त्यासाठी उपक्रमाच्या निविदेतच तशी अट लिहावी लागेल.